‘अनलेस’ शिकवणारे सर



पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातून शिक्षकांची एक पिढी हळूहळू उठून चालली आहे. साठ-सत्तरच्या दशकात इथल्या हायस्कुलांत रुजू झालेले, मराठी माध्यमाच्या मुलांना एबीसीडीपासून इंग्रजी शिकवून दहावीच्या बोर्डापर्यंत नेणारे हे सर. त्यांच्यापैकी कुणी गेलं की शाळेच्या सभागृहात शोकसभा होते. टेबलावर फोटो, फोटोला हार. माजी विद्यार्थी उठून बोलतात. सर कडक होते पण मायाळू होते, कुणाची फी त्यांनी पदरची भरली, पावसापाण्यात सायकलवरून यायचे पण एक दिवस उशीर नाही. सरांचा अमुक विद्यार्थी अमेरिकेत कसा मोठ्या हुद्द्यावर आहे तेही सांगितलं जातं. दहावीला इंग्रजीत पहिल्या येणाऱ्यासाठी सरांच्या नावानं बक्षीस जाहीर होतं, दोन मिनिटं शांतता पाळली जाते आणि मंडळी घरी जातात. यातला शब्द न् शब्द मनापासूनचा असतो. पण सर तासाला नेमकं काय करत होते, हे त्या सभेत बहुधा कुणीच सांगत नाही. शिक्षकाचा स्वभाव आपण आठवतो आणि त्याचं काम विसरतो. इंग्रजीच्या सरांच्या बाबतीत, आणि तेही या कारखान्यांच्या पट्ट्यात, हे विसरणं फार महागात पडतं, असं मला आज मांडायचं आहे.

ही सवय आपली जुनी आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहात मुलांची सेवा करणारे गुरुजी साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहेत, ‘श्यामची आई’ घराघरांत आहे. पण वर्गात उभे राहून ते एखादा धडा कसा उलगडत, हे किती जणांना सांगता येईल? मर्ढेकर, विंदा करंदीकर, जी. ए. कुलकर्णी, भालचंद्र नेमाडे हे सगळे कॉलेजात इंग्रजी शिकवत. त्यांची नावं राहिली ती त्यांच्या मराठी पुस्तकांमुळं. हायस्कुलातले सर सहसा पुस्तक लिहीत नाहीत. त्यांचं सगळं लिखाण म्हणजे फळ्यावरचा खडू आणि वहीच्या समासातली लाल शाई. फळा दर तासाला पुसला जातो, वह्या मे महिन्यात रद्दीत जातात. म्हणून सर गेल्यावर आपल्या हातात फक्त त्यांचा स्वभाव उरतो, आणि हाच माणूस मोठा होता म्हणजे काय होता, हे पुढच्यांना सांगायला आपल्याकडं शब्द नसतात.

आता या पट्ट्याकडं पाहा. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढं टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली. दापोडी-चिंचवडला सँडविक, अल्फा लाव्हाल, ॲटलास कॉप्को, एसकेएफ या मूळच्या स्वीडिश कंपन्या आल्या. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे कारखाने सुरू झाले, मागून जपानी ब्रिजस्टोन आली. यांतल्या एकाही कंपनीची मायबोली इंग्रजी नाही. स्वीडिश, जर्मन, जपानी मालक आणि मराठवाड्यातून, साताऱ्यातून, खानदेशातून किंवा शेजारच्या खेड-मावळातून आलेला कामगार, या दोघांच्या मधोमध जी भाषा उभी आहे ती इंग्रजी. मशिनचं मॅन्युअल इंग्रजीत, ड्रॉइंगवरच्या टिपा इंग्रजीत, नेमणुकीचं पत्र इंग्रजीत. साहेबाशी गप्पा मारायला ती लागते की नाही हा पुढचा प्रश्न. समोरचा कागद नीट वाचायला ती लागते, आणि ते वाचणं शिकवलं हायस्कुलातल्या सरांनी.

कसं शिकवलं, ते जवळून बघू. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात ‘डू ॲज डायरेक्टेड’ नावाचा प्रश्न असायचा. ‘अनलेस’ वापरा, ‘टू’ काढा, व्हॉइस बदला. एकेका मार्काचा मामला. बहुतेकांना तो परीक्षेपुरता शब्दांचा खेळ वाटतो. पण ‘अनलेस’ घ्या. त्या शब्दाच्या पोटात नकार आधीच बसलेला आहे. त्याच्या मागं मुलानं आणखी एक ‘नॉट’ लिहिला की वाक्याचा अर्थ उलटा होतो. चांगले सर तो ‘नॉट’ लाल शाईनं खोडत आणि शेजारी मराठीतला ‘शिवाय’ लिहीत, कारण आपल्या ‘शिवाय’मध्येही असाच नकार दडलेला आहे. ‘अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस’ हे ज्या मुलाला मराठीत कळतं त्याला ‘अनलेस’ कळायला एवढा एक पूल पुरतो. आता तोच मुलगा आयटीआय करून भोसरीत एखाद्या मशिनवर उभा आहे असं समजा. मशिनवर पट्टी आहे: ‘डू नॉट ओपन द गार्ड अनलेस द स्पिंडल हॅज स्टॉप्ड.’ स्पिंडल थांबल्याशिवाय गार्ड उघडू नका. इथं ‘अनलेस’चा अर्थ नुसता ‘जर’ घेतला, तर स्पिंडल थांबल्यावर गार्ड उघडू नये असा उफराटा अर्थ निघतो, आणि वाचणारा गोंधळून शेवटी पट्टी सोडून देतो, अंदाजानं हात घालतो. बोटं जातात ती अशा अंदाजानं. एका मार्काच्या त्या प्रश्नाचं मोल इथं कळतं.

दुसरं उदाहरण कागदाचं. ‘मे’ आणि ‘शॅल’ हे दोन शब्द वर्गात मोडल ऑक्झिलिअरीच्या धड्यात येतात आणि घोकून विसरले जातात. नेमणुकीच्या पत्रात लिहिलेलं असतं की समाधानकारक कामानंतर तुम्ही ‘मे बी कन्फर्म्ड’. घरी सगळे पेढे वाटतात, पोरगं सहा महिन्यांत कायम होणार म्हणून. त्या ‘मे’नं कंपनीला कशातही बांधलेलं नाही, करू शकेल, नाहीही करणार. ‘शॅल’ असतं तर गोष्ट वेगळी. तसाच पॅसिव्ह व्हॉइस. कर्ता गाळायची सोय ही त्या वाक्यरचनेची खासियत. मुलं व्हॉइस बदलताना शेवटचा ‘बाय’ आणि त्यापुढचा कर्ता खुशाल टाकून देतात आणि कसलेले सर तो परत लिहायला लावतात. ताकीदपत्रात ‘यू वेअर इन्फॉर्म्ड’ असं वाक्य आलं की त्या सवयीचा उपयोग होतो. कळवलं गेलं, पण कुणी? कधी? तोंडी की लेखी? हे तीन प्रश्न ज्याला सुचतात तो उत्तर लिहू शकतो. ज्याला सुचत नाहीत तो खाली सही करतो.

यावर एक आक्षेप लगेच येईल. कायद्यानं मराठीची सोय केलेली आहे ना? हो, केली होती. १९४६ च्या औद्योगिक नोकऱ्यांच्या स्थायी आदेशांच्या कायद्यात हे आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावावेत असं म्हटलं होतं, आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमानं सूचनाफलकांना तोच नियम लावला. पण ती तरतूद फलकांपुरती आणि स्थायी आदेशांपुरती. नेमणुकीचं पत्र, मॅन्युअल, ड्रॉइंग तिच्यात बसत नव्हतं. शिवाय कायद्यानं दोन भाषांतले दोन कागद शेजारी शेजारी टांगले, तर ते ताडून पाहणारं कुणीतरी हवं. दुसरा आक्षेप फोनचा. आता मोबाइल क्षणात भाषांतर करतो, मग ‘अनलेस’ शिकायचं कशाला? अनेक कारखान्यांत मोबाइल गेटवरच ठेवावा लागतो, हे एक. आणि भाषांतर हाती आलं तरी कुठल्या शब्दावर बोट ठेवायचं हे फोन सांगत नाही. ‘मे’चं भाषांतर तो बिनचूक करील; त्या ‘मे’वर पेढे वाटू नयेत, हे वाचणाऱ्यालाच कळावं लागतं.

सगळ्यात जड आक्षेप वेगळा आहे, आणि तो मी बाजूला सारणार नाही. या सरांची मुलं इंग्रजी बोलू शकली नाहीत. मुलाखतीला गप्प बसली, इंग्रजी माध्यमातल्या मुलांपुढं खाली मान घालून उभी राहिली. हे खरं आहे आणि त्यानं पुष्कळांचं नुकसान झालं. सरांनी मराठीतून इंग्रजी शिकवलं, म्हणून त्यांना ‘तर्खडकरी’ म्हणून हिणवलंही गेलं. पण ज्या परीक्षेसाठी त्यांनी शिकवलं तिचं सारं वजन लेखी पेपरावर होतं, आणि खच्चून भरलेल्या वर्गात प्रत्येक पोराला बोलतं करायला वेळ कुठून येणार? माझं मत असं की बोलणं कामावर, चार माणसांत, गरजेनं उशिरा का होईना येतं. वाक्याची फोड करून वाचणं आपोआप येत नाही, ते कुणीतरी बसून शिकवावंच लागतं. तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’चं नाव हिणवण्यासाठी घेणाऱ्यांनी हेही आठवावं की तिनं पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसाला मास्तराशिवायही इंग्रजीपर्यंत नेलं, आणि नेलं ते मराठीचा हात धरून. आपल्याकडच्या शाळांत ठाण मांडून बसलेल्या ‘रेन अँड मार्टिन’च्या व्याकरणात हा हात नव्हता. तो पूल सर तोंडी बांधत.

इंग्रजीच्या वादाला या पट्ट्याचा आणखी एक संदर्भ आहे. राज्यात २००० साली इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली, ती प्रा. रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना. ते इथलेच, त्याआधी खेड मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले. त्या निर्णयानं मराठीचं भलं झालं की बुरं, यावर अजून भांडणं होतात. त्या भांडणात मी आज पडत नाही. पण ज्या सरांविषयी मी बोलतोय त्यांची मुलं पाचवीत इंग्रजीला लागत. तोपर्यंत त्यांची मराठी पक्की झालेली असे, आणि ‘अनलेस’शेजारी ‘शिवाय’ लिहिता येत असे ते त्या पक्क्या मराठीच्या जोरावर. हे सर मराठीचे शत्रू होते असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्या एका तासाची टिपणं मिळाली तर जरूर वाचावीत. मराठी वाक्याची घडण मुलांना पहिल्यांदा नीट दिसली ती कित्येकदा इंग्रजीच्या तासाला.

कुणी म्हणेल, तुम्ही लाडक्या सरांना मशिनवरच्या पट्टीला बांधून टाकलंत. माणसं त्यांच्यावर प्रेम करत होती ते काय ‘मे’ आणि ‘शॅल’मुळं? मला वाटतं, हो, बऱ्याच अंशी त्यामुळंच. सरांची माया कुठं दिसत होती? रात्री कंदिलाखाली किंवा पुढं ट्यूबलाइटखाली, वर्गातली एकूण एक वही उघडून, प्रत्येकीतला जादा ‘नॉट’ शोधून खोडण्यात ती दिसत होती. सगळेच सर असे नव्हते. गाइडातली उत्तरं फळ्यावर उतरवून देणारे, ‘अपेक्षित’ प्रश्नसंचाच्या बाहेर न जाणारेही पुष्कळ होते, आणि त्यांची मुलं पासही झाली. पण शोकसभेला सभागृह भरतं ते त्यांच्यासाठी नाही. ज्यांच्या वहीतली चूक कुणीतरी वाचली होती, ती माणसं सुट्टी टाकून येतात.

म्हणून एक विनंती आहे. यापुढं अशी सभा भरली तर बक्षिसाच्या ठरावाआधी दहा मिनिटं राखून ठेवा. सरांच्या एखाद्या विद्यार्थ्यानं, मग तो टर्नर असो, फिटर असो की कारकून, खडू घेऊन सरांचा एक तास फळ्यावर जसाच्या तसा करून दाखवावा आणि शाळेनं तो लिहून ग्रंथालयात फाइलला लावावा. कुणाच्या माळ्यावर सरांच्या लाल शाईची वही असेल तर तीही शाळेला द्यावी. आणि ज्यांचे सर अजून आहेत त्यांनी सभेची वाट पाहू नये. तुमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असेल तर या गुरुवारी जा, वही-पेन बरोबर न्या, आणि ‘अनलेस’ त्यांनी कसं शिकवलं ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्या.