परमुलखातील शिदोरी

देशांतर करणारा मनुष्य आपल्या गावची चव बरोबर घेऊन जातो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अमेरिकेतील इटालियन वस्त्यांतून, गल्लीच्या कोपऱ्यावरील दुकानात मिळणाऱ्या स्वस्त सँडविचची हकीकत मात्र काहीशी निराळी आहे. त्यात गावच्या चवीइतकीच गावच्या उपासमारीचीही आठवण आहे.

अशा दुकानास तिकडे ‘डेली’ म्हणतात. ‘डेलिकॅटेसन’ या जर्मन लोकांकडून आलेल्या शब्दाचे हे लघुरूप होय. आत छताला सालामी आणि प्रोव्होलोन चीज टांगलेले असते. बरण्यांत ऑलिव्हची फळे व मिरच्या मुरत असतात. गिऱ्हाइकाने सांगावे, दुकानदाराने लांबट पाव उभा चिरावा, त्यात खारवलेल्या डुकराच्या मांसाचे आणि चीजचे पातळ काप रचावेत, वर कांदा, टोमॅटो, तेल व शिरका घालावा आणि सारे कागदात गुंडाळून हाती द्यावे, अशी ही रीत.

१८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लक्ष इटालियन लोक अमेरिकेत उतरले. त्यांतील बहुतेक सिसिली व दक्षिण इटलीतील गरीब शेतकरी आणि मजूर होते. गावी त्यांच्या पानात मांस पडे ते सणासुदीला. गव्हाचा चांगला पावही अनेकांना रोज लाभत नसे. अमेरिकेत गोदीवर, रेल्वेमार्गावर आणि रस्त्याच्या कामावर हाडाची काडे करावी लागली खरी. परंतु त्या मजुरीत पाव, मांस आणि चीज ही तिन्ही एकाच वेळी हाती येऊ लागली. सँडविचच्या त्या दांडग्या आकाराचे रहस्य येथे आहे. मायदेशी जमीनदाराच्या घरी दिसणारे पदार्थ येथे मजुराच्या शिदोरीत आले होते. मेन राज्यातील पोर्टलंड बंदरात १९०२ साली जिओव्हानी अमातो या पाववाल्याने गोदीकामगारांच्या सांगण्यावरूनच पावात मांस, चीज व भाज्या भरण्यास आरंभ केला, असे तेथे सांगतात.

दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स शहराची कथा याहून बोलकी आहे. तेथे १८९१ च्या मार्च महिन्यात जमावाने तुरुंगात शिरून ११ इटालियनांना ठार मारले. शहराच्या पोलीस-प्रमुखाच्या खुनाचा त्यांच्यावर आरोप होता. परंतु त्यांपैकी एकावरही तो शाबीत झालेला नव्हता. पुढे अवघ्या १५ वर्षांनी, १९०६ साली, त्याच शहरातील डेकेटर रस्त्यावर साल्व्हातोरे लुपो या सिसिलियन गृहस्थाने ‘सेंट्रल ग्रोसरी’ हे दुकान थाटले. जवळच्या बाजारात माल विकून आलेले सिसिलियन शेतकरी तेथे मांस, चीज, ऑलिव्हची कोशिंबीर व पाव निरनिराळे विकत घेत आणि पेट्यांवर बसून, गुडघ्यांवर तोल सावरीत जेवत. ते पाहून लुपो यांनी तिळाच्या गोल पावात हे सारे एकत्र भरून दिले, असे त्यांच्या घराण्यात सांगितले जाते. हेच ‘मुफुलेट्टा’. १८९१ च्या त्या हत्याकांडाबद्दल शहराच्या महापौरांनी जाहीर क्षमा मागितली ती २०१९ साली; मुफुलेट्टा मात्र त्याच्या कितीतरी आधी शहराचे भूषण होऊन बसला होता. शहराने त्या लोकांचा पाव आधी आपला म्हटला. त्यांच्यावरील अन्यायाची कबुली मागाहून दिली.

हे अन्न स्वस्त कसे पडते, तेही पाहण्यासारखे आहे. येथे चूल पेटवावी लागत नाही, मेजखुर्च्या मांडाव्या लागत नाहीत, वाढपी ठेवावा लागत नाही. यंत्राने काप इतके पातळ निघतात की थोड्या मांसातही घास भरल्यासारखा वाटतो. परंतु या स्वस्ताईतील एक रकम हिशेबाच्या वहीत कोठेच मांडलेली नसते. ती म्हणजे पत्नीचे आणि शाळेतून परतलेल्या मुलांचे बिनपगारी श्रम.

पदार्थ एकच असला तरी फिलाडेल्फियात तो ‘होगी’, न्यूयॉर्कमध्ये ‘हिरो’, न्यू इंग्लंडमध्ये ‘ग्राइंडर’, तर अन्यत्र ‘सबमरीन’ म्हणून ओळखला जातो. ज्या त्या पेठेने आपल्या दुकानातील वस्तूस आपले नाव दिले. पुढे मोठ्या कंपन्यांनी तो गावोगावी एकाच साच्यात विकण्यास प्रारंभ केला, आणि मोठ्या शहरांत जागांची भाडीही वाढत गेली. तथापि अशा दुकानांना खरा धोका घरातूनच येतो. आईबापांनी काउंटरमागे उभे राहून ज्या मुलांना शिकविले, ती वकील-डॉक्टर झाली की पाव चिरण्यास परत कशी यावीत? दुकान ज्या हेतूने काढले तो सफल होतो, आणि म्हणूनच दुकान बंद पडते. यात दुःख मानावे की समाधान, याचा निवाडा सोपा नाही.

लुपो यांचे दुकान ऑगस्ट २०२१ मधील आयडा वादळात मोडले आणि तीन वर्षांहून अधिक काळ बंद राहिले. २०२४ च्या अखेरीस ते त्याच जागी पुन्हा उघडले, आणि डेकेटर रस्त्यावर गिऱ्हाइकांची रांग पुन्हा लागली.