एकांत आणि एकलकोंडेपणा

एकटे असण्याला मराठीत बरेच शब्द आहेत, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. एकाकीपणा वाट्याला येतो. एकांत माणूस शोधून काढतो. घुमा, एकलकोंडा, माणूसघाणा ही तर बाहेरून चिकटवलेली विशेषणे. ज्याला ती चिकटतात, त्याला बहुधा कोणी विचारलेलेही नसते.

दादरा-नगर हवेलीतल्या खेरडीच्या परिसरात आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या तलासरी-डहाणूत राहणारा वारली समाज मिळून जगणारा. आवणी असो, लग्न असो, माणसे जमतातच. तारप्याच्या नाचात तर हात एकमेकांच्या पाठीमागे गुंफलेले असतात आणि सगळी रांग वाजवणाऱ्याभोवती फिरते. याच समाजात १९३४ साली जिव्या सोमा मशे जन्मले. सातव्या वर्षाच्या सुमारास आई गेली आणि मुलाने बोलणेच टाकले. सांगायचे ते तो धुळीत रेघा ओढून सांगू लागला.

हा एकांत नव्हे. हे दुःख होते, आणि त्याला निवड म्हणणे अन्यायाचे होईल. निवड दिसते ती नंतर. वारली चित्र म्हणजे तेव्हा मुख्यतः लग्नाचा चौक : गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने बायकांनी काढायचा, विधीपुरता. मशे पुढे बोलू लागले, पण चित्रे सुटली नाहीत. लग्न नसतानाही, पुरुष असूनही, ते रोज चित्र काढत राहिले. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही कला शहरांपर्यंत गेली. मशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. १९८९च्या पॅरिसमधील मोठ्या प्रदर्शनातही त्यांची चित्रे होती. २०१८ साली ते वारले.

पुरस्कारांपेक्षा चित्रांचे विषय अधिक बोलके आहेत. एकट्याने बसून या माणसाने काढली ती गर्दी : मासे धरायचे प्रचंड जाळे, शेतातली माणसे, तारप्याचे वेटोळे. माणसांचा कंटाळा आलेल्याच्या हातून एवढी माणसे कागदावर उतरत नाहीत. एकांतात समाधानी असलेला माणूस समाजाकडे पाठ फिरवतोच असे नाही. कधी त्याला नीट पाहण्यासाठीच तो चार पावले मागे सरकतो.

शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीही असेच एखादे मूल मंडपाच्या कडेला वही घेऊन बसलेले असते. त्याला हाताला धरून नाचात ओढण्याआधी शिक्षकांनी आणि पालकांनी शेजारी बसून एवढेच विचारावे : करमत नाही म्हणून बसलास, की इथे बरे वाटते म्हणून? उत्तर पहिले असेल, तर त्याला एकटे सोडू नये. दुसरे असेल, तर वही पाहावी आणि उठावे.