आपल्या पायाखालचे दगड

(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या दिवशी वाचलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. शास्त्रावर मी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण माझ्या भाचीने भूगर्भशास्त्र घेईन म्हटले आणि माहेरी गहजब झाला. "मुलीच्या जातीने रानोमाळ दगड फोडत हिंडायचे का?" तेव्हा मी तिच्याकडूनच सारे समजून घेतले.

हिस्लॉप कॉलेज आपणा सर्वांच्या माहितीचे. ज्यांचे नाव त्याला आहे ते पाद्री स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. शाळा आणि धर्मप्रचार सांभाळून ते दगड गोळा करीत. टाकळीच्या दगडांत त्यांना शिंपले नि झाडपाल्याचे अवशेष सापडले. दक्षिणेकडे मांगली गावी बेडकाच्या दूरच्या गोतातल्या एका प्राण्याची रुंद कवटी मिळाली. ती विलायतेस गेली व १८५५ साली ओवेन या पंडिताने तिचे वर्णन छापले. हिस्लॉपसाहेब १८६३ साली टाकळघाटाहून परतताना पुरात बुडून वारले.

आता वरोऱ्याकडे चला. आनंदवन आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले आहे. त्याच तालुक्यात पिसदुरा गाव आहे. तिथे डायनोसोरची हाडे सापडतात, आणि हसू नका, दगड झालेले शेणही सापडते! शेण आपल्याला काही परके नाही. गाईने काय खाल्ले ते शेण पाहून कळते, तसेच इथेही कळले. गवताच्या पात्यात काचेसारखे बारीक कण असतात. ते कुजत नाहीत, आणि गवताच्या जातीप्रमाणे त्यांचा घाट वेगळा. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शेणात तसले कण शोधले. तांदूळ आणि बांबूच्या गोतातल्या गवतांचे कण निघाले! तोवर समज असा, की डायनोसोर गेल्यावर गवत आले. २००५ साली तो समज मोडला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या शेणाने मोडला म्हणा ना. वंदनाबाई पुढे त्या संस्थेच्या संचालिका झाल्या.

नोकरीचे विचाराल, तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची कचेरी आपल्या नागपुरातच आहे. एम.एस्सी. करून केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. जागा थोड्या, हे खरे. हाडांचे काम त्याहून थोडे. बहुतेकांच्या वाट्याला खनिजे, कोळसा, पाणी हेच येते. उन्हातान्हात मुक्कामही पडतो. पण भंडाऱ्याकडे रोवणीला बाया दिवसभर चिखलात वाकून उभ्या असतात, तेव्हा मुलीची जात कुणाला आठवत नाही.

भाऊ येत्या रविवारी आमच्याकडे यायचा आहे. त्यालाही मी हेच सांगणार आहे, आणि पहिल्या वर्षाची फी मी साठवलेल्या पैशांतून देईन असेही.

मंडळाची पुढची सहल पिसदुऱ्यास न्यावी अशी माझी सूचना आहे. दगड मात्र कुणी पदरात बांधून आणू नये. तो कोणत्या थरात होता हे हरवले, की शास्त्रज्ञांना त्याचा फारसा उपयोग होत नाही.