उत्तर मागणारी गोष्ट



उज्जैनच्या मराठी व्याख्यानमालेत एका जपानी संगणकीय कादंबरीचे काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. पण ज्या नगरीच्या राजाने खांद्यावर प्रेत घेऊन पुन्हा पुन्हा प्रश्न ऐकले, त्या नगरीत हा विषय परका ठरू नये. आपल्या घरांतली विशी-पंचविशीतली मुले ही कादंबरी वाचत असतात आणि आपण त्याला ‘मोबाइलवर खेळणे’ म्हणतो. ती नेमके काय वाचतात, एवढे तरी समजून घ्यावे म्हणून हा विषय निवडला आहे.

या प्रकाराला ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ म्हणतात. आपण तिला चित्रकादंबरी म्हणू. पडद्यावर पार्श्वभूमीला एखादी गल्ली किंवा खोली दिसते, समोर पात्राचे चित्र येते, खाली मजकूर उमटतो. मागे संगीत चालते, पुष्कळदा पात्रांचे आवाजही असतात. वाचक एकेक वाक्य वाचून पुढे जातो. मधेच कथा थांबते आणि त्याला विचारते, आता काय करायचे? तो जे ठरवील त्याप्रमाणे कथेला फाटा फुटतो. जपानमध्ये चुनसॉफ्ट या कंपनीने 1992 मध्ये ‘ओतोगिरिसो’ आणि 1994 मध्ये ‘कामाइताची नो योरु’ या कथा काढल्या, तेव्हापासून हा प्रकार रुजला. हातघाईचा खेळ यात जवळजवळ नसतो. मोठी चित्रकादंबरी पुरी करायला तीस-चाळीस तास सहज लागतात, आणि ते सगळे तास वाचनाचे असतात.

आता आपल्या वेताळाकडे वळू. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात ही मालिका आहे. तिथला राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. लोकांच्या तोंडी पुढे तो उज्जयिनीचा विक्रम झाला. गोदावरीकडून क्षिप्रेकडे आलेल्या आपल्यासारख्या मंडळींना हा प्रवास ओळखीचा वाटेल. पुढे ‘चांदोबा’ मासिकातून तो घरोघरी गेला. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेल्या राजाचे शंकर यांनी काढलेले चित्र आणि त्याखालचा मजकूर, अशीच ती गोष्ट आपल्या लक्षात राहिली आहे.

वेताळाची अट सर्वांना पाठ आहे. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याची शकले होतील. बोलला, तर वेताळ परत झाडावर जाईल. म्हणजे शहाणपण दाखवले की पुन्हा पहिल्यापासून पायपीट. कथा ऐकणारा इथे नुसता श्रोता राहत नाही, त्याला निवाडा द्यावा लागतो.

त्यांतली शिरांच्या अदलाबदलीची गोष्ट आठवा. नवरा आणि भाऊ यांची शिरे चुकून एकमेकांच्या धडांवर बसतात. मग त्या स्त्रीचा नवरा कोण? राजा सांगतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचे शिर तो. कारण शिर हे सर्व अंगांत श्रेष्ठ. निवाडा झाला, वेताळ उडाला, गोष्ट संपली. पण त्या निवाड्यासह जिला उरलेले आयुष्य काढायचे, तिचे काय झाले? वेताळ ते सांगत नाही आणि राजाही विचारत नाही. पुढे गिरीश कर्नाडांनी नेमकी हीच जागा हेरून ‘हयवदन’ लिहिले. मला ज्या जपानी कथेबद्दल बोलायचे आहे, तीही याच जागेपासून सुरू होते. उत्तर दिल्यावर पुढे काय, हा तिचा विषय आहे.

कथेचे नाव ‘स्टाइन्स गेट’. ऑक्टोबर 2009 मध्ये ती जपानमध्ये प्रसिद्ध झाली. फाइव्ह पीबी आणि नायट्रोप्लस या दोन कंपन्यांची ही निर्मिती. 2011 मध्ये तिच्यावर दूरचित्रवाणी मालिका निघाली, 2014 मध्ये ती इंग्रजीत आली. कथा घडते तोक्योच्या आकिहाबारा या पेठेत, 2010 च्या उन्हाळ्यात. युद्धानंतर रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांनी ही पेठ वाढली. तिथे जुन्या टीव्हींच्या दुकानावरची खोली भाड्याने घेऊन ओकाबे रिंतारो नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवत असतो. आपल्या टावर चौकाच्या मागच्या एखाद्या गल्लीत टीव्ही दुरुस्तीच्या दुकानावर दोन-तीन मुलांनी ‘प्रयोगशाळा’ अशी पाटी लावावी, तसाच तो मामला. एवढ्याशा पेठेबाहेर कथा क्वचितच जाते.

या मुलांच्या हाती अपघाताने एक गोष्ट लागते. त्यांच्या मायक्रोवेव्ह भट्टीला मोबाइल जोडला, की भूतकाळात निरोप पाठवता येतो. निरोप फार तर 18 जपानी अक्षरांचा. पण तेवढ्याने काल बदलतो, आणि कालबरोबर आजही बदलतो. बदललेल्या जगात कोणालाच आधीचे काही आठवत नाही. आठवते ते एकट्या ओकाबेला.

मग एकेक मित्र येऊन आपला निरोप पाठवतो. त्यांतली फेरिस ही मुलगी लक्षात ठेवण्यासारखी आहे. दहा वर्षांपूर्वी वडिलांवर रागावून ती नको ते बोलली. त्यामुळे वडिलांनी बेत बदलला आणि ज्या विमानाने ते गेले, त्याला अपघात झाला. ती एक निरोप पाठवते आणि वडील जिवंत राहतात. पण ते जगले म्हणून त्या पेठेचे रूपच वेगळे होते. मुलीच्या हट्टाने तिथे जी नवी दुकाने, जी नवी हौस आली होती, ती आलेलीच नसते.

पुढे कळते की या नव्या जगात मायुरी, ओकाबेची बालमैत्रीण, मरणार आहे. तो काही तास मागे जाऊन तिला वाचवू पाहतो. रस्ता बदलतो, वेळ बदलतो, तिला घेऊन पळतो. ती मरतेच. विक्रमाने पुन्हा पुन्हा झाडाकडे जावे तसा तो त्याच संध्याकाळकडे परत जातो. अखेर एकच मार्ग उरतो. पाठवलेले सगळे निरोप उलट क्रमाने रद्द करायचे. म्हणजे फेरिसला स्वतःच्या हाताने वडिलांना पुन्हा गमवावे लागणार. आणि शेवटचा निरोप रद्द केला, की कुरिसु ही बुद्धिमान तरुणी मरणार. तिच्या मदतीनेच तो इथवर आलेला असतो आणि आता ती त्याला प्रिय झालेली असते.

यांतल्या बहुतेक रद्द करण्यांपाशी वाचकाला विचारले जाते. नको म्हटले, तर कथा तिथेच एका वेगळ्या शेवटावर थांबते. असे एकूण सहा शेवट आहेत आणि जिद्दीचा वाचक सहाही वाचतो. इथे या प्रकाराची ताकद दिसते. छापील कादंबरीत पात्राने चूक केली, तर आपण पात्राला दोष देतो. इथे फेरिसच्या वडिलांना मरू देणारे बोट आपले असते. ओकाबेच्या जोडीला आणखी एकालाच सारे आठवत असते, तो म्हणजे वाचक.

वेताळपंचविशीत राजा बोलल्यामुळे अडतो आणि शेवटच्या कोड्यापाशी गप्प राहिल्यामुळे सुटतो. बाप आणि मुलगा यांनी अनुक्रमे मुलगी आणि आई यांच्याशी लग्ने केली, तर त्यांच्या मुलांचे नाते काय? राजाला उत्तर सुचत नाही. वेताळ प्रसन्न होतो आणि क्षान्तिशील गोसाव्याचा कपटी डाव सांगून राजाचा जीव वाचवतो. ‘स्टाइन्स गेट’ची किल्ली याच्या उलट आहे. तिचा खरा शेवट मोठ्या निर्णयांनी उघडत नाही. मधल्या काळात कुरिसु मोबाइलवर किरकोळ निरोप पाठवत असते, बहुतेक थट्टेचे, काही रुसव्याचे. त्यांना वाचकाने योग्य जागी उत्तर दिलेले असले, तरच तो शेवट गाठता येतो. घाईत मोबाइल खिशात ठेवणाऱ्याच्या हाती तो लागत नाही. जगाचे भवितव्य लेखकाने इतक्या साध्या गोष्टीवर ठेवले, हे मला या कथेतले सर्वांत शहाणपणाचे काम वाटते.

ही कथा आपल्याला जवळची वाटावी, याला आणखी एक कारण आहे. आपण इथे आहोत तेही कोणाच्या तरी निर्णयामुळे. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांबरोबर मराठी माणसे माळव्यात आली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाळाचे मंदिर पुन्हा उभारले. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. छावणीमागोमाग काही घराणी लष्करला गेली, काही इथेच राहिली. दौलतराव हलले नसते तर उज्जैन कसे असते, इथल्या घरांत कोणती भाषा चालली असती, कोणाची सोयरीक कुठे झाली असती, हे फाटे आपण कधी मोजत नाही. आपल्या घरातल्या आजीला मात्र ते ठाऊक असतात. कोण परत देशावर गेले, कोणाची वाडी विकली गेली, कोणत्या चुलत्याने पत्र टाकले नाही म्हणून नाते तुटले, हे तिला एकटीलाच आठवते. ती आहे तोवर ते फाटे आहेत.

म्हणून माझे सांगणे दोन्ही पिढ्यांना आहे. मुले वाचत नाहीत, असे आपण म्हणतो. ती रात्र-रात्र जागून शेकडो पाने वाचतात. फक्त ती पाने मराठी नसतात आणि आपण त्यांना वाचन मानत नाही. एकदा त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, फेरिसच्या वडिलांपाशी तू काय निवडलेस आणि का? कथा कोवळ्या वयाची नाही, तिच्यात हिंसा आहे. पण कॉलेजातल्या मुलाशी या प्रश्नावर तासभर बोलता येते, आणि तेही मराठीत.

तरुणांनाही एक विचारतो. निवड मागणारी गोष्ट तुम्हाला इतकी आवडते, तर आपल्या भाषेत तशी एक लिहून का पाहत नाही? त्यासाठी लागणारी साधने आज फुकट मिळतात. पेठ तयारच आहे. टावर चौकातले घड्याळ आहे, फ्रीगंजच्या गल्ल्या आहेत, आणि जिथून भारतीय ज्योतिषांनी शून्य रेखांश मोजला तीच ही नगरी आहे. काळाची गोष्ट सांगायला याहून चांगली जागा कोणती? फाटे हवे असतील तर आजीकडे बसा. आणि तिने काही विचारले, तर मोबाइल खिशात न ठेवता, निदान ठेवून देऊन, उत्तर द्या.