राणीला नेमकं काम काय असतं?

हेडफोन लावलेत ना? आज जरा राजवाड्यात जाऊ.

राजाची बायको म्हणून राणी झालेल्या बाईला काम काय असतं? मला वाटायचं, हात हलवायचा, फोटो काढून घ्यायचे, झालं! मग नेदरलँड्सच्या राणी माक्सिमांबद्दल वाचलं.

जन्म १९७१चा, ब्युनोस आयर्समधला. अर्थशास्त्र शिकल्या, न्यूयॉर्कला बँकेत नोकरी केली. पुढे डच युवराजाशी लग्न ठरलं आणि वाद पेटला. कारण वडील अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीत मंत्री होते. २ फेब्रुवारी २००२ला लग्न लागलं, पण आईवडील दोघंही नव्हते. चर्चमध्ये टँगोची धून वाजली आणि नवरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. देशानं ते टीव्हीवर पाहिलं. लोकांना त्या आपल्याशा वाटायला लागल्या, असं मला वाटतं, ते तिथूनच.

पण प्रेम कायम टिकतं थोडंच? २००७मध्ये त्या म्हणाल्या, ‘डच’ अशी एकच ठरावीक ओळख नसते. केवढी टीका झाली!

२०१३मध्ये राणी झाल्या. सत्ता शून्य. तरी २००९ ते २०२४ संयुक्त राष्ट्रांसाठी त्यांनी एकच विषय धरून ठेवला: गरिबांपर्यंत बँक पोचली पाहिजे. त्यासाठी भारतातही आल्या.

मुकुट नवऱ्यामुळे मिळाला, हे खरंच. पण काम स्वतः निवडलं. मला तरी राणीपेक्षा ती बँकेतली मुलगी जास्त आवडली. तुम्हाला?