लाइट गेली आणि पोच राहिली

परतूरहून बोलतोय. आजचा विषय मेसेज क्यू. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या गेटपाशी लागलेली ट्रॅक्टरची रांग ज्यानं पाहिलीय, त्याला यातलं अर्धं आधीच येतं. एकदम पन्नास गाड्या आल्या म्हणून वजनकाटा काही पळत नाही. गाड्या थांबतात, काटा आपल्या चालीनं चालतो. क्यूचं पहिलं काम एवढंच: येणाऱ्याच्या वेगाचा बोजा काम करणाऱ्यावर पडू द्यायचा नाही.

या क्षेत्रातलं एक सुरुवातीचं नाव आपल्या मुंबईत जन्मलेल्या माणसाचं आहे, बरं का. विवेक रणदिवे. १९८०च्या दशकात त्यांच्या टेकनेक्रॉन कंपनीनं 'द इन्फर्मेशन बस' केलं, वॉल स्ट्रीटवर ताजे भाव पोचवायला. पुढे १९९७मध्ये टिबको. रॅबिटएमक्यू आलं २००७मध्ये, आणि लिंक्डइननं काफ्का सगळ्यांना खुलं केलं २०११मध्ये.

आता खरी गोष्ट. समजा, वजन झालं, मेसेज क्यूत पडला. एक प्रोग्रॅम हिशोबपट्टी करतो, दुसरा बँकेला पैसे पाठवायला सांगतो, तिसरा शेतकऱ्याला एसएमएस करतो. दुसऱ्यानं पैसे पाठवले आणि तेवढ्यात लाइट गेली. (आपल्याकडं हे वेगळं सांगायला नको.) क्यू दुसऱ्या सर्व्हरवर शाबूत आहे, पण त्याला 'काम झालं' ही पोच मिळालीच नाही. या पोचेला म्हणतात अ‍ॅक. कनेक्शन तुटलं आणि पोच नाही, म्हणून रॅबिटएमक्यू तोच मेसेज परत देतं. पैसे दोनदा!

मग पोच आधीच देऊन टाकायची? तसं केलं आणि पैसे जायच्या आधी लाइट गेली, तर क्यूच्या लेखी काम झालेलं, खात्यात मात्र शून्य. मला हे जास्त वाईट वाटतं. दोनदा गेलेला पैसा हिशोबात सापडतो. न गेलेल्या पैशासाठी शेतकरी हेलपाटे मारतो.

म्हणून पोच शेवटीच द्या आणि मेसेज दोनदा येणारच असं धरून चाला. प्रत्येक पट्टीला एकच क्रमांक, तोच बँकेकडेही पाठवा. 'हा क्रमांक आधी भागवलाय' असं म्हणून बँकेनंच दुसरा व्यवहार नाकारला पाहिजे. फक्त आपल्या टेबलात खूण करून भागत नाही, कारण पैसे जाणं आणि खूण होणं यांच्या मधेही लाइट जाऊ शकते.

राहिला खाते क्रमांकच चुकलेला मेसेज. तो कितीदा फिरवला तरी फसणारच, त्याला डेड लेटर क्यूत बाजूला काढा. पण ती क्यू रोज उघडून बघणारा माणूस ठरलेला हवा. तिथं कुणाच्या तरी कापसाचे पैसे अडकलेत.

करून बघायचंय? लॅपटॉपवर रॅबिटएमक्यू चढवा, पोच देण्याआधी प्रोग्रॅमला दहा सेकंद थांबवा आणि तेवढ्यात तो बंद पाडा. परत चालू केल्यावर मेसेजवर 'रिडिलिव्हर्ड' ही खूण दिसेल. स्क्रीनशॉट पाठवा.