हाली, कलदार आणि आभासी चलन

(गोरेगाव, जि. हिंगोली येथील भाषणाचा मजकूर)



या भागाला दोन चलनांचा व्यवहार नवा नाही. गोरेगाव ज्या सेनगाव तालुक्यात आहे तो मुलूख निजामाच्या राज्यात, तर लगतचे वऱ्हाड इंग्रजी अमलाखाली होते. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. सात हालींना सहा कलदार हा भाव. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले आणि पुढच्या दशकात हाली व्यवहारातून काढून घेण्यात आला. तरी रयतेला त्याच्या बदल्यात भारतीय रुपये मिळू शकले, कारण त्या नाण्याचे देणे पत्करणारे सरकार उभे होते.

२००९ साली निघालेल्या बिटकॉइनमागे असे कोणतेही सरकार नाही. तरी त्यावर कर मात्र आहे. भारताने २०२२ च्या अर्थसंकल्पात आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर बसविला. त्याच वर्षी १ जुलैपासून ठरावीक मर्यादेपुढील विक्रीच्या रकमेतून १ टक्का कपातही सुरू झाली. कर घेतला म्हणजे सरकारने मान्यता दिली, असे सांगून गुंतवणूक गोळा करणारे असतात. हा युक्तिवाद निखालस खोटा होय. कर तर बेकायदा धंद्याच्या मिळकतीवरही लागतो! आभासी चलन बाळगणे हा येथे गुन्हा नाही, पण ते कायदेशीर चलनही नाही.

जर्मनीची रीत निराळी. खाजगी व्यक्तीने असे चलन वर्षाहून अधिक काळ राखून विकले, तर नफ्यावर कर नाही. त्याआधी विकल्यास तो इतर उत्पन्नात मिळवून नेहमीच्या दराने कर आकारतात. समजा, एका चलनात दहा हजारांचा नफा झाला आणि त्याच वर्षी दुसऱ्यात तेवढाच तोटा. जर्मनीत वजावट होऊन कर शून्य. भारतात तोटा वजा होत नाही. उपकरासह ३,१२० रुपये भरावेच लागतात. हातात काही न उरता कर भरणे सामान्य माणसाला जड जाते, यात शंका नाही.

नियमनातही अंतर आहे. जर्मनीत लोकांचे आभासी चलन सांभाळणाऱ्या संस्थेला २०२० पासून परवाना लागतो आणि ३० डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघाचा कायदा पूर्णपणे लागू झाला. भारतात मार्च २०२३ पासून असे व्यवहार करणाऱ्या संस्था काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आल्या. त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. मात्र किमतीची हमी दोन्ही देशांत कोणीही घेत नाही.

रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ रोजी सर्वसामान्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर आणलेला ई-रुपया हा याहून वेगळा आहे. नोटेप्रमाणेच त्याचे देणे बँकेवर असते.